खापरहून वसतिगृहात : विद्यार्थ्यांच्या आहारातील लोह

अक्कलकुवा तालुक्यातील खापर हे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, गुजरातच्या सीमेजवळ वसलेले आहे. या परिसरात घरचे जेवण म्हणजे मुख्यतः ज्वारीची किंवा मक्याची भाकरी, उडदाची वा तुरीची डाळ, मिरचीची चटणी आणि पावसाळ्यात रानभाज्या. येथील विद्यार्थी उच्च शिक्षणासाठी जळगावच्या विद्यापीठात किंवा अन्य शहरी गेला, म्हणजे वसतिगृहाच्या खानावळीत त्याच्या पानात पोळी, भात, पातळ वरण व बटाट्याची भाजी येते. पोट भरते, उष्मांकही बहुधा भरतात. त्यामुळे आहारात काही न्यून आले आहे असे सकृद्दर्शनी वाटत नाही. लोहाचा हिशोब मात्र निराळा आहे.

शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे ४ मिलिग्रॅम लोह असते. सडलेल्या तांदळात १ मिलिग्रॅमहूनही कमी. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढ पुरुषास दररोज १९ व स्त्रीस २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली. भाकरीची जागा भात जसजशी घेतो, तसतशी तूट वाढते. ती विद्यार्थिनींना अधिक जाचते, कारण मासिक पाळीत होणारा लोहाचा व्यय त्यांना आहारातूनच भरून काढावयाचा असतो.

परंतु पानातले लोह म्हणजे रक्तातले लोह नव्हे. तृणधान्यांतील फायटेट लोहाला बांधून ठेवते. ज्वारीही त्यास अपवाद नाही. जेवणात लिंबू वा आवळा असल्यास क जीवनसत्त्वामुळे लोहाचे शोषण सुधारते, तर जेवणावर लगेच घेतलेल्या चहातील टॅनिनमुळे ते पुष्कळ घटते. म्हणूनच गेल्या चोवीस तासांत काय खाल्ले एवढेच विचारणारी प्रश्नावली अपुरी पडते; कशाबरोबर खाल्ले आणि चहा केव्हा घेतला, हेही विचारले पाहिजे. वाटीचे माप तर घरोघरी वेगळे! शिवाय एका दिवसाच्या स्मरणावरून एखाद्या विद्यार्थ्याच्या नित्याच्या आहाराविषयी विधान करणे धाडसाचेच होय.

नंदुरबार जिल्ह्यात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. येथील आदिवासी समाजात सिकलसेल हा आनुवंशिक विकार आढळतो. अशा रुग्णाच्या तांबड्या पेशी अकाली फुटतात आणि आहार पुरेसा असला तरी हिमोग्लोबिन उतरते. सिकलसेलची तपासणी न करता केवळ हिमोग्लोबिनच्या आकड्यावरून खानावळीला दोष दिला, तर विद्यार्थ्याला लोहाच्या गोळ्या मिळतील आणि मूळ विकार मात्र निदानावाचून राहील.