चिखलात बुडबुडे आले म्हणजे खाली तेल असतं का?

ज्यांना हेडफोन लावायला जमत नाही, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लेखी अवतार.

सुरुवात आमच्या भंडाऱ्यातल्या बांधीपासून करतो. रोवणीच्या दिवसांत चिखलात पाय रुतला की बाजूने बुडबुडे यायचे. कुणीतरी मोठं माणूस हमखास म्हणायचं, "अरे, खाली गॅस आहे!" आम्हा पोरांना वाटायचं, आता आपल्या गावात तेलाची विहीर लागणार.

गंमत म्हणजे तो गॅस खरा असतो. त्याचं नाव मिथेन. आणि नैसर्गिक वायूच्या विहिरीतून जो निघतो, तोही मुख्यतः मिथेनच. मग फरक ओळखायचा कसा? सॉइल गॅस सर्व्हे, म्हणजे मातीतल्या वायूंची तपासणी, याच प्रश्नावर उभी आहे.

आधी कल्पना समजून घेऊ. तेल-वायूचा साठा जमिनीत खोल, खडकाच्या झाकणाखाली अडकलेला असतो. पण झाकण कितीही घट्ट असलं तरी बारीक भेगांमधून थोडा वायू झिरपतोच. वर येताना त्यातला काही मातीच्या कणांना चिकटतो. इतका कमी, की वास येत नाही, डोळ्यांना दिसत नाही. मोजमाप होतं ते एक अब्ज भागांत किती भाग, अशा हिशोबात.

काम कसं चालतं? नकाशावर चौकटी आखतात. ठरलेल्या अंतरावर गिरमिटाने साधारण दोन-अडीच मीटर खोल भोक पाडून माती काढतात. वरची माती घेत नाहीत, कारण तिथे हवा, मुळं आणि शेणखताचा परिणाम असतो. प्रयोगशाळेत ती माती चाळतात आणि निर्वात भांड्यात तिच्यावर आम्ल सोडतात. चिकटलेला वायू सुटतो. मग गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचं यंत्र त्यातले घटक वेगळे करून मोजतं.

आता खरी मेख. चिखलातला मिथेन जिवाणू तयार करतात. पाण्याखाली हवा पोचत नाही, तिथे काडीकचरा कुजतो आणि मिथेन बनतो. या जिवाणूंकडून इथेन आणि प्रोपेन जवळपास बनतच नाहीत. तेलाच्या साठ्यातून आलेल्या वायूत मात्र मिथेनसोबत ही भावंडंही असतात. म्हणून मिथेनला इथेन आणि प्रोपेनच्या बेरजेने भागतात. उत्तर ढोबळमानाने ५० च्या खाली आलं तर खोलवरच्या उष्णतेत बनलेला वायू; १००० च्या वर गेलं तर जिवाणूंची करामत. खात्रीसाठी मिथेनमधल्या कार्बनचे समस्थानिकही तपासतात. जिवाणूंच्या मिथेनमध्ये हलका कार्बन जास्त असतो.

आपल्याकडे हे काम झालंय. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने, म्हणजे एनजीआरआयने, दख्खनच्या काळ्या खडकाच्या प्रदेशात मातीतले वायू आणि ते खाणारे जिवाणू तपासले. तिथे ही पद्धत कामाची, कारण लाव्हाच्या जाड थरांखालच्या गाळाच्या खडकांचं चित्र भूकंपलहरींच्या सर्व्हेत नीट उमटत नाही.

मग आमचा भंडारा? इथे बहुतेक ठिकाणी खडक फार जुने आणि रूपांतरित, म्हणजे पृथ्वीच्या पोटात भाजून-दाबून निघालेले. तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथे निघणारं मँगनीज अशाच खडकांतलं. तेल साधारण ६० ते १२० अंश सेल्सियसला शिजतं. या खडकांनी त्याच्या कितीतरी पट उष्णता सोसलीय. कधीकाळी तेल असतं तरी टिकलं नसतं. मामा तलाव, बोड्या आणि धानाच्या बांध्यांच्या या जिल्ह्यात मिथेन भरपूर मिळेल, पण तो चिखलाचा.

हे सांगायचं कारण आहे. "तुमच्या वावरात गॅस सापडलाय" असं सांगून कुणी सौदा करायला आला, तर एकच विचारा: इथेन-प्रोपेनचा रिपोर्ट कुठाय? आणि तो रिपोर्ट असला तरी ती फक्त खूण. साठा किती, किती खोल, हे माती सांगत नाही. त्यासाठी भूकंपलहरींचा सर्व्हे आणि शेवटी ड्रिलिंगच लागतं. भेगा तिरक्या असल्या तर वायू साठ्यापासून दूर, भलतीकडेच वर येतो.

अजून एक. बुडबुडे दिसले म्हणून जुन्या बंद विहिरीत किंवा गोबरगॅसच्या टाकीत उतरू नका, काडीही पेटवू नका. मिथेन पेट घेतो, आणि अशा जागी प्राणवायू कमी असला तर माणूस आवाज द्यायच्या आत कोसळतो. कुणी आत पडलं तर मागोमाग उडी मारू नका. आधी मदत बोलवा.

यंदा रोवणीला गेलात आणि बुडबुडे दिसले, तर हा भाग शेजारच्यांना ऐकवा. भेटूया पुढच्या भागात!