वळणावर गाडी कलते तेव्हा

काशीला गेलेला मराठी यात्रेकरू नावेत बसून घाट पाहू लागला, की मणिकर्णिका घाटाजवळ त्याची नजर हमखास अडते. काठावरचे रत्नेश्वर महादेवाचे मंदिर चक्क एका बाजूला कललेले आहे. कल थोडाथोडका नाही, सुमारे ९ अंशांचा. शेजारी शिंदे घाट आहे. बायजाबाई शिंदे यांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेला हा घाट आपल्याच भाराने खचला होता. पावसाळ्यात मंदिराच्या गाभाऱ्यात गंगेचे पाणी शिरते, तरी मंदिर उभेच!

"मग ते पडत कसे नाही?" असे मुले विचारतात. उत्तर गवंड्याच्या ओळंब्यात आहे. मंदिराच्या गुरुत्वमध्यातून ओळंबा खाली सोडला, तर तो अजून पायाच्या आतच पडतो. तो पायाबाहेर पडू लागेल, त्या दिवशी मंदिर कोसळेल. फोटोसाठी कुणी नावेत उभे राहिले, तर नावाडी लगेच खाली बसायला सांगतो, त्यामागेही हेच शास्त्र आहे. माणसे उभी राहिली, की भार उंचावर जातो आणि नाव डळमळते.

नेमका हाच प्रश्न स्पोर्ट्स कार बनवणाऱ्यांपुढे असतो आणि आपल्या घरच्या मोटारीपुढेही.

वळणावर काय घडते?

गाडी वळते, तेव्हा टायर रस्ता धरून तिला आत खेचतात. पण गाडीचा देह सरळच जाऊ पाहतो. खेच जमिनीपाशी आणि भार त्याच्या वर, त्यामुळे गाडी बाहेरच्या बाजूला कलते. बाहेरच्या स्प्रिंग दबतात, आतल्या सैल पडतात.

एक हिशेब पाहू. गाडीचे वजन १,००० किलो, डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर दीड मीटर आणि गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंचीवर आहे, असे समजा. सरळ रस्त्यावर दोन्ही बाजूंना ५००-५०० किलो भार असतो. वळणावर वजनाच्या ६० टक्के इतका आडवा जोर आला, तर २०० किलो भार आतून बाहेर सरकतो. बाहेरच्या चाकांवर ७०० किलो आणि आतल्यांवर ३०० किलो. गुरुत्वमध्य दुप्पट उंचीवर असता, तर ४०० किलो सरकले असते आणि आतली चाके जवळजवळ अधांतरी झाली असती.

शिवाय हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. तेच वळण ताशी ३० ऐवजी ६० किलोमीटरने घेतले, तर जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो.

कल कमी, धोकाही कमी?

कल कमी करण्याचा ठरलेला उपाय म्हणजे स्टॅबिलायझर बार. ही पोलादी कांब डावे आणि उजवे चाक एकमेकांना जोडते. स्पीडब्रेकरवर दोन्ही चाके एकदम उचलली गेली, तर ती नुसती फिरते. वळणावर एकच बाजू दबू लागली, की ती पिळली जाते आणि त्या दबण्याला विरोध करते. शॉक अॅब्झॉर्बर गाडी किती झपाट्याने कलेल हे ठरवतात, किती कलेल हे मुख्यतः स्प्रिंग आणि ही कांब ठरवते.

पण येथे अनेकांचा गैरसमज होतो. कांब जाड केली, तर गाडी कमी कलते, परंतु वर सांगितलेले २०० किलो सरकायचे ते सरकतातच. ते कमी करायचे, तर गुरुत्वमध्य खाली आणावा लागतो किंवा चाकांमधले अंतर वाढवावे लागते. म्हणूनच स्पोर्ट्स कार बसकी आणि रुंद असते. उलट पुढची कांब फार कडक झाली, तर गाडी वळणाबाहेर सरळ जाऊ लागते. मागची फार कडक झाली, तर शेपूट घसरते. हौसेखातर स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणाऱ्या तरुणांनी हे लक्षात ठेवावे. कापलेली स्प्रिंग खड्ड्यात पूर्ण दबते आणि टायरची पकड सुटू शकते.

स्वीडनमधला धडा

१९९७ च्या ऑक्टोबर महिन्यात स्वीडनमधील एका मोटार मासिकाने मर्सिडीजच्या नव्या, आखूड पण उंच ए-क्लास गाडीची चाचणी घेतली. रस्त्यात अचानक मोठे सांबर आले, तर गाडी झटकन एका बाजूला घेऊन पुन्हा मूळ मार्गावर आणायची, अशी ती चाचणी. गाडी उलटली आणि जगभर खळबळ उडाली. कंपनीने विक्री थांबवली, सस्पेन्शन सुधारले आणि चाक घसरू लागताच ब्रेक लावून गाडी सावरणारी यंत्रणा प्रत्येक गाडीत बसवली. आज भारत एनकॅपच्या चाचणीत तीन किंवा अधिक तारे मिळवायचे असतील, तर ही यंत्रणा आवश्यक असते. नवी गाडी घेताना रंगाआधी तिची चौकशी करावी.

आपल्या घाटात

२०१८ च्या एप्रिलमध्ये पुणे-सातारा रस्त्यावरील खंबाटकी घाटाजवळच्या 'एस' वळणावर मजुरांचा टेम्पो उलटला आणि पंधराहून अधिक जीव गेले. भरलेले वाहन आणि अवघड वळण यांची गाठ किती महाग पडते, हे त्या दिवशी दिसले.

सहलीला निघताना कुटुंबाने काही गोष्टी अवश्य पाळाव्यात. जड बॅगा डिकीत तळाशी ठेवाव्यात. कॅरिअरवर सामान ठेवावेच लागले, तर अंथरूण-पांघरुणासारखे हलके ठेवावे आणि घट्ट बांधावे. वेग वळणाच्या आधीच कमी करावा. वळणात शिरल्यावर जोरात ब्रेक दाबू नये. टायरमधली हवा तपासावी. गाडीचा एक कोपरा दाबून सोडावा. ती वर येऊन लगेच स्थिरावली तर ठीक, दोन-तीनदा डोलली तर शॉक अॅब्झॉर्बर गॅरेजमध्ये दाखवावेत. खडबडीत रस्त्यावर खालून खडखड येत असेल, तर स्टॅबिलायझरचे रबर झिजले आहेत का, तेही पाहून घ्यावे. मागे बसलेल्यांनीही पट्टे लावावेत.

आणि वळणावर आजी कुशीवर झुकू लागली, मुलांच्या हातातली बाटली घरंगळू लागली, तर चालकाला "जरा हळू" म्हणायला कुणी संकोच करू नये. काशीचे मंदिर कललेले असूनही उभे आहे, कारण ते जागचे हलत नाही. धावत्या गाडीला ती सवलत नाही.