सावधपणावर करवत थांबत नाही

तळेगाव आणि चाकण यांना जोडणाऱ्या रस्त्यावर, इंद्रायणीच्या काठी इंदुरी वसलं आहे. एका अंगाला तळेगावची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला चाकणची, आणि भोवतीच्या मावळात बंगल्यांची, सोसायट्यांची बांधकामं. अशा पट्ट्यात लाकडाच्या कामाला तोटा नसतो. कारखान्यांना माल पाठवायला पॅलेट आणि खोकी लागतात, घरांना दारं, चौकटी, कपाटं, स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या. बलुतेदारीतला सुतार ही कामं वाकस, रंधा, पटाशी, किंकरं आणि हातकरवतीवर करायचा. आता ती टेबल सॉ, रंधा मशीन, बँडसॉ आणि ग्राइंडरवर होतात. हत्यारं बदलली, पण धोक्याबद्दलची समजूत मात्र हातहत्यारांच्या काळातलीच राहिली. हातकरवतीला जोर हाताचा असतो. हात थांबला की करवत थांबते, म्हणून तिथे सावध हात हेच संरक्षण पुरेसं ठरतं. विजेवरच्या पात्याला जोर मोटरचा असतो आणि ते हाताचं ऐकत नाही. लाकूडकामाच्या यंत्रांविषयीचे बहुतेक गैरसमज हा एक फरक विसरल्यामुळे तयार झाले आहेत.

गैरसमज : हात बसलेल्या कारागिराला अपघात होत नाही

थोडं गणित करून पाहू. 12 इंची पातं मिनिटाला 2880 फेऱ्यांच्या मोटरवर थेट बसवलं, तर त्याच्या दात्यांचा वेग ताशी सुमारे 165 किलोमीटर होतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारीसाठी ताशी 100 ची मर्यादा आहे, यावरून या वेगाची कल्पना यावी. पात्याला 40 दाते असतील, तर एका ठिकाणाहून सेकंदाला 1900 हून जास्त दाते जातात. काहीतरी चुकलं हे डोळ्यांनी टिपून हात मागे घ्यायला माणसाला सेकंदाचा निदान पाचवा भाग लागतो. तेवढ्यात पावणेचारशेच्या वर दाते फिरून गेलेले असतात. म्हणजे चूक लक्षात आल्यावर सावरायला इथे वेळच उरत नाही, मग कारागीर दहा वर्षांचा मुरलेला असो की कालचा हेल्पर. अनुभवाचा उपयोग नाही असं मात्र नव्हे. कोणती फळी पात्यावर घालू नये, उभं कुठे राहावं, काप कधी अर्धवट सोडून मोटर बंद करावी, हे अनुभवच शिकवतो. पण तो उपयोग काप सुरू होण्याआधीचा आहे. उलट नवख्याला मशीनची भीती असते. मुरलेल्याची ती गेलेली असते आणि त्याच्या हातून दिवसाला कितीतरी जास्त काप होतात. अमेरिकेत टेबल सॉच्या पात्याला हात लागून दरवर्षी सुमारे 30 हजार माणसं रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात येतात, असा तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाचा अंदाज आहे. त्यावर तिथल्या एका संशोधकाने काढलेला उपाय बोलका आहे : बोट टेकताच पात्याला काही हजारांश सेकंदात जखडणारी यंत्रणा. माणसाला आणखी सावध करण्याच्या नादी तो लागला नाही, त्याने मशीन बदललं.

गैरसमज : गार्ड लावला की काम होत नाही

पात्यावरचं झाकण आणि पात्यामागची उभी पट्टी, म्हणजे रायव्हिंग नाइफ, हे दोन भाग अनेक कार्यशाळांत पहिल्याच आठवड्यात निघतात. रेघ दिसत नाही, फळी अडकते, वेळ जातो, ही त्याची नेहमीची कारणं. यातली दुसरी तक्रार नीट तपासली, तर ती पट्टीच्या बाजूने साक्ष देते. पात्याचे पुढचे दाते खाली जातात आणि फळीला टेबलावर दाबून धरतात. मागचे दाते वर येत असतात. कापलेल्या फळीच्या दोन फाका मागे मिटल्या, किंवा फळीला सरळ नेणारी गाइड तिरकी बसल्याने फळी पात्याच्या मागच्या भागाला घासली, की तेच दाते फळी उचलून थेट चालवणाऱ्याच्या अंगावर फेकतात. फळीबरोबर तिला धरलेला हातही पात्याकडे ओढला जातो. फाका मिटू न देणं हेच त्या पट्टीचं काम आहे. पट्टीवर फळी अडकत असेल, तर गाइड समांतर नाही, पट्टी पात्याच्या रेषेत नाही किंवा लाकूड वळतं आहे, असा त्याचा अर्थ, आणि या तिन्ही गोष्टी पट्टी काढल्याने सुधारत नाहीत. मावळच्या पावसाळ्यात हे विशेष जाणवतं. ओलं, न मुरलेलं लाकूड कापता कापता वळतं आणि पातं आवळतं. जुन्या पॅलेटच्या फळ्या वापरल्या, तर आत राहिलेला खिळा दात्याला भिडतो, आणि उडालेला तुकडा डोळ्यापर्यंत पोचायला झाकणाखेरीज आडकाठी नसते. खाच पाडण्यासारख्या काही कामांत वरचं झाकण लावता येत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण पात्याच्या माथ्यापेक्षा किंचित खाली बसणारी पट्टी तिथेही जागेवर राहू शकते, आणि काम संपल्यावर झाकण परत लावायला दोन मिनिटं पुरतात. फळीतून अरुंद चीप कापताना ती ढकलायला काठी वापरावी. ती टाकाऊ प्लायच्या तुकड्यातून बनते, त्यामुळे खर्चाची सबब इथे टिकत नाही. रंधा मशीनवरही हाच नियम : फुटापेक्षा आखूड तुकडा हाताने दाबून ढकलायचा नाही, आणि जेवढ्या रुंदीचं लाकूड तेवढाच कटर उघडा ठेवायचा.

गैरसमज : हातमोजे घातले की बोटं वाचतात

फळ्या उतरवताना, कुसळं आणि खिळे टाळायला हातमोजे चांगलेच. फिरत्या पात्याजवळ मात्र ते उलटे पडतात. धारेने कातडीला जखम होते. मोज्याचा धागा दात्यात अडकला, तर आख्खा हात आत ओढला जातो, आणि ज्या वेगाचं गणित वर केलं, त्या वेगात मोजा काढून घ्यायला सवड मिळत नाही. गळ्यातलं उपरणं, लोंबती बाही, ओढणी, मनगटावरचं कडं, राखी, गंडा, बोटातली अंगठी यांचंही तसंच. चष्मा, कानांसाठी मफ आणि बंद बूट ही या कामाची खरी साधनं. यातलं एकही हाताला पात्यापासून दूर ठेवत नाही. ते काम झाकणाचं आणि काठीचं आहे.

गैरसमज : मशीन लहान, म्हणजे धोकाही लहान

हा समज सर्वांत महाग पडतो, कारण बांधकामाच्या जागेवर टेबल सॉ क्वचित असते, पण चार इंची ग्राइंडर आणि मार्बल कटर प्रत्येक मिस्त्रीच्या पेटीत असतो. हातात मावणारं यंत्र माणसाला आपल्या ताब्यातलं वाटतं. मिनिटाला 12 हजार फेऱ्यांवर 110 मिलिमीटरच्या पात्याचे दाते ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास धावतात, म्हणजे त्या मोठ्या टेबल सॉपेक्षा दीडपट वेगाने. ग्राइंडर घासण्यासाठी आणि धातू कापण्यासाठी बनवलेला असतो. त्यावर लाकडाचं दातेरी पातं चढवलं, की दाता लाकडात रुतताच सगळं यंत्र उसळी घेतं. पात्यामागे पट्टी नसते आणि गार्ड बहुधा काढलेला असतो. त्याहून घातक प्रकार म्हणजे मार्बल कटर प्लायच्या तुकड्याखाली उलटा बांधून, बटण कायमचं दाबून ठेवून बनवलेली घरगुती टेबल सॉ. तिथे बंद करायचं बटण टेबलाखाली, ऐनवेळी हात पोचणार नाही अशा जागी असतं. गरीब कारागिराने मग करायचं काय, असा प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर लाकडासाठीच बनवलेला हातातला सर्क्युलर सॉ हे आहे. त्याचा खालचा गार्ड काप संपताच स्प्रिंगने आपोआप मिटतो. मार्बल कटरपेक्षा त्याला पैसे जास्त पडतात, पण बोटाच्या शस्त्रक्रियेच्या आणि बुडालेल्या मजुरीच्या तुलनेत तो स्वस्तच.

गैरसमज : बटण बंद केलं, म्हणजे मशीन थांबलं

हातकरवत ठेवली की ती निपचित पडते. मोटर बंद केल्यावर मात्र पातं आपल्याच जोराने आणखी काही वेळ फिरत राहतं. आवाज गेलेला असतो, धार तशीच असते, आणि नेमक्या त्याच क्षणी अडकलेला ढलपा काढायला हात पुढे जातो. दुसरा धोका वीज जाण्याचा. वीज गेली, कारागीर चहाला गेला किंवा पातं बदलायला बसला, आणि साधा स्विच चालूच राहिला, तर वीज येताच मशीन कोणी न सांगता सुरू होतं. त्यावर जुना आणि साधा उपाय आहे : हिरव्या-लाल बटणांचा डीओएल स्टार्टर. त्यातली नो-व्होल्ट कॉइल वीज जाताच संपर्क तोडते आणि हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. पैसे वाचवायला मोटर थेट एमसीबीवर जोडली, की हे संरक्षण गेलं. एमसीबी तारा जळण्यापासून वाचवतो, बोटांशी त्याचा संबंध नाही. थ्री-फेजच्या मोटरची दुरुस्ती झाल्यावर दोन तारांची अदलाबदल झाली, तर पातं उलटं फिरतं. म्हणून पहिला काप घेण्याआधी ते मोकळं फिरवून दिशा पाहायची. आणि पातं बदलताना स्विच बंद करून भागत नाही, प्लग काढायचा किंवा मुख्य स्विच पाडून त्याला कुलूप लावायचं.

गैरसमज : भुसा निरुपद्रवी, आणि आवाजाची सवय होते

हाताच्या रंध्यातून छिलके पडतात आणि खाली बसतात. सँडरमधून आणि वेगवान पात्याखालून निघते ती पूड, जी तासन् तास हवेत तरंगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये लाकडाची धूळ माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातली. नाकाच्या पोकळीचा कर्करोग हा त्यातला मुख्य धोका. सागवान आणि शिसवीच्या धुळीने त्वचेला खाज आणि पुरळही उठतं. एमडीएफच्या पुडीत भर असते ती फॉर्माल्डिहाइडच्या रेझिनची. नाकावर बांधलेला रुमाल मोठा भुसा अडवतो, घातक बारीक कण त्यातून सहज पार होतात. त्यासाठी एन-95 दर्जाचा मास्क हवा, आणि त्याहीआधी मशीनलाच जोडलेली धूळ ओढणारी नळी. आवाजाचंही असंच. कारखान्यांच्या नियमांत 8 तासांसाठी मर्यादा 90 डेसिबलची आहे, आणि 100 डेसिबलला हा वेळ 2 तासांवर येतो. रंधा मशीनला 100 गाठायला वेळ लागत नाही. ज्याला सवय म्हणतात, ती बहुतेकदा गेलेली श्रवणशक्ती असते, आणि ती परत येत नाही.

गैरसमज : चार माणसांच्या कार्यशाळेला कायदा लागत नाही

यात अर्धं तथ्य आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमाने कलम 21 मध्ये यंत्राचे धोकादायक भाग झाकण्याची जबाबदारी मालकावर टाकली. पण 2015 च्या दुरुस्तीने महाराष्ट्रात विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी कामगारांची किमान संख्या 10 वरून 20 झाली, आणि 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही 20 हाच आकडा आहे. त्यामुळे बहुतेक सुतारकामाच्या शेड तपासणीबाहेर राहतात. नुकसानभरपाईचा 1923 चा कायदा, जो पुढे सामाजिक सुरक्षा संहितेत आला, तो मात्र ही संख्या मोजत बसत नाही. त्याच्या परिशिष्टात अंगठा गेल्यास कमाईची क्षमता 30 टक्के गेली असं धरतात, तर्जनी पूर्ण गेल्यास 14 टक्के, एका हाताची चार बोटं गेल्यास 50 टक्के. कारागिरांनी लक्षात ठेवण्याजोगी बाब अशी, की सुरक्षेचं साधन कामगाराने जाणूनबुजून काढल्याचं सिद्ध झालं, तर मृत्यू आणि कायमचं पूर्ण अपंगत्व वगळता मालकाची भरपाईची जबाबदारी टळू शकते. गार्ड काढण्याची किंमत अशी दोनदा मोजावी लागते.

एवढं करूनही बोट तुटलंच, तर तिथेही समजुतींपेक्षा माहिती कामाची. जखमेवर हळद, कॉफी किंवा चुना भरू नये. स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात उंच धरावा. तुटलेलं बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावं आणि ती बंद पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोटाला बर्फ थेट लागता कामा नये, कारण त्याने पेशी मरतात. मग 108 ला फोन करून, बोट जोडण्याची सोय असलेल्या पिंपरी-चिंचवड किंवा पुण्यातल्या रुग्णालयाकडे विनाविलंब निघावं.

शेड चालवणाऱ्यांनी या आठवड्यात चार गोष्टी कराव्यात : काढलेली पट्टी आणि झाकण शोधून परत बसवावं, प्रत्येक मशीनला डीओएल स्टार्टर जोडावा, प्रत्येक टेबलापाशी ढकलायची काठी टांगावी आणि उलटा बांधलेला कटर सोडवून ठेवावा. बंगल्याचं फर्निचर करून घेणाऱ्यांनीही दर ठरवताना गार्ड आहे का, हे विचारावं, कारण घाईची आणि स्वस्ताईची मागणी त्यांच्याकडूनच येते. कारागिराला सावध राहा म्हणून बजावणं फुकट आणि सोपं आहे, पण त्याने पातं थांबत नाही. पात्यावर झाकण हवं, आणि ते बसवण्याची जबाबदारी ज्याच्या शेडमध्ये मशीन आहे त्याची आहे.