झंजीर गेला, पट्टा हातात राहिला

16 नोव्हेंबर 2000 रोजी मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय रुग्णालयात मुंबई पोलीस दलातील एका सेवकाने शेवटचा श्वास घेतला. हाडाच्या कर्करोगाने तो आजारी होता. वय अवघे 8 वर्षे. त्याला शासकीय इतमामाने निरोप देण्यात आला. त्याच्यावर फुले वाहणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचे छायाचित्र पुढे देशभर पाहिले गेले. हा सेवक कधी पगाराच्या रांगेत उभा राहिला नाही आणि पदक दाखवत फिरला नाही. तो लॅब्रॅडॉर कुत्रा होता. नाव झंजीर.

असे काही छापून आले की आपल्या वस्तीत एक प्रश्न हमखास निघतो. “कुत्र्याला सलामी? अहो, आपल्या माणसाला अजून कितीतरी गावांत सन्मानाने स्मशानाची जागा मिळत नाही!” हा प्रश्न टिंगलीचा नाही. त्यामागे पिढ्यांचा जाळ आहे, म्हणून तो उडवून लावता येणार नाही. त्याचे उत्तर शोधले पाहिजे. त्यासाठी आधी झंजीरने केले काय, ते पाहू.

झंजीरची कामगिरी

12 मार्च 1993 रोजी मुंबईत एकापाठोपाठ एक बॉम्बस्फोट झाले. 257 माणसे मेली, सातशेहून अधिक जखमी झाली. मेलेल्यांत सर्व धर्मांचे, सर्व जातींचे लोक होते. शहर हादरलेले, आणि न फुटलेली स्फोटके कुठे कुठे पेरून ठेवली आहेत याचा पत्ता नाही. झंजीर तेव्हा जेमतेम सव्वा वर्षाचा होता. पुण्यात शिवाजीनगरला गुन्हे अन्वेषण विभागाचे श्वान प्रशिक्षण केंद्र आहे, तेथे शिकून तो नुकताच बॉम्बशोधक व नाशक पथकात आला होता. स्फोटांनंतर तीनच दिवसांनी धनजी स्ट्रीटवर उभी असलेली एक स्कूटर त्याने हुंगली आणि तो थांबला. त्या स्कूटरमध्ये स्फोटके होती. पुढच्या दिवसांत मुंबई, मुंब्रा आणि ठाणे येथील घातपात त्याच्यामुळे टळले.

त्याच्या नावावरची नोंद अशी आहे : 3,329 किलो आर.डी.एक्स., 600 डिटोनेटर, 249 हातबॉम्ब आणि 6,406 काडतुसे. हे आकडे पुन्हा एकदा सावकाश वाचा. यातला एक हातबॉम्ब भर बाजारात फुटला असता तर किती घरांत अंधार झाला असता?

माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी सुमारे 50 ते 60 लाख असतात, तर कुत्र्याच्या नाकात 20 ते 30 कोटी. पण नुसत्या नाकाने काम होत नाही. शिकवताना स्फोटकाच्या वासाची सांगड खेळण्याच्या चेंडूशी किंवा खाऊशी घालतात. वास सापडला की कुत्र्याने भुंकायचे नाही, पंजा मारायचा नाही, गुपचूप खाली बसायचे. बसला की शाबासकी. म्हणजे ज्याला आपण बॉम्ब म्हणतो, तो त्याच्या लेखी खेळ असतो. त्याला देश कळत नाही, धर्म कळत नाही, मरण तर मुळीच कळत नाही. पट्टा धरलेला माणूस खूश झाला, एवढेच त्याला कळते.

पट्ट्याचे दुसरे टोक

आता त्या माणसाकडे वळू. खात्यात त्याला हँडलर म्हणतात. बहुधा तो साधा शिपाई किंवा हवालदार असतो. पिल्लू ताब्यात मिळाले की त्याचे खाणे, आंघोळ, केस विंचरणे, औषधपाणी, फिरवणे आणि रोजचा सराव, सारे त्याच्याकडे. सण असो की घरचे लग्न, कुत्र्याची वेळ चुकत नाही. कुत्र्याने ताट ओलांडले तर त्याच्या पोटात गोळा येतो. आणि संशयित वस्तूकडे जाताना बाकीचे सारे मागे सरतात तेव्हा हे दोघेच पुढे जातात. स्फोट झालाच तर पट्ट्याची दोन्ही टोके जळणार असतात.

याची उदाहरणे दूर शोधायला नकोत. 2015 साली काश्मीरात कुपवाडा जिल्ह्यात घुसखोरांचा माग काढताना मानसी नावाची लष्करी लॅब्रॅडॉर कुत्री आणि तिचा हँडलर बशीर अहमद वार दोघेही मारले गेले. सप्टेंबर 2023 मध्ये राजौरी जिल्ह्यात केंट नावाची कुत्री आपल्या हँडलरला वाचवताना गोळ्यांना बळी पडली. आपल्या पूर्व विदर्भाला तर सुरुंग म्हणजे काय हे सांगायला नको. 1 मे 2019 रोजी गडचिरोली जिल्ह्यात जांभुळखेड्याजवळ झालेल्या भूसुरुंग स्फोटात 15 जवान आणि त्यांचा वाहनचालक ठार झाले. त्यांत भंडारा जिल्ह्यातील पोरेही होती. जमिनीखालचा मृत्यू वेळेत कळणे म्हणजे काय, हे त्या आयांना विचारावे.

26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यात 166 माणसे गेली. त्या रात्री आणि नंतरच्या दिवसांत मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे मुंबई पोलिसांचे चार श्वान राबले. ताजमहाल हॉटेलाजवळ मॅक्सने 8 किलो आर.डी.एक्स. आणि 25 हातबॉम्ब शोधून दिले. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अतिरेक्यांनी ठेवून दिलेली स्फोटके सीझरने शोधली. निवृत्त झाल्यावर या श्वानांना विरारच्या एका फार्मवर आसरा मिळाला. 2016 या एकाच वर्षात चौघेही एकामागून एक गेले. शेवटी 13 ऑक्टोबर रोजी सीझर गेला. सोबती गेल्यापासून तो खचला होता, असे तेव्हा वृत्तपत्रांत आले होते.

मुका प्राणी सोबत्यासाठी खचतो, मग आठ-दहा वर्षे त्याला हाताने भरवणारा माणूस खचणार नाही काय? सलामी झाली, फोटो निघाले, लोक पांगले. हँडलर मात्र रिकामा पट्टा घेऊन बराकीत परततो. पहाटे त्याच वेळेला जाग येते आणि दारात कोणी वाट पाहत नसते. आम्हा कारकुनांना नोंदवहीची भाषा कळते. सरकारी दप्तरात कुत्रा म्हणजे मालमत्ता. एक वस्तू कमी झाली, एक ओळ लिहिली, काम संपले. या दुःखासाठी रजेच्या अर्जात रकाना नसतो. “एवढं काय, कुत्रंच तर होतं,” असे सहकारीही म्हणून जातात. मग तो माणूस रडतो ते लपून.

मनूने दिलेला कुत्रा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कुत्र्याशी आपले नाते मनूने जोडून दिले, आणि तेही अपमान म्हणून. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळ आणि श्वपच यांनी गावाबाहेर राहावे आणि कुत्री व गाढवे हेच त्यांचे धन असावे, असे फर्मान आहे. श्वपच म्हणजे कुत्रा शिजवून खाणारा! महाडच्या चवदार तळ्यावर कुत्र्याला पाणी पिता येत होते, आपल्या बापजाद्यांना नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी त्या पाण्याला हात लावला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला महाडातच मनुस्मृती जाळली. कुत्र्याचे नाव काढले की आपल्या लोकांचे रक्त का तापते, ते यावरून समजावे.

पण बांधवांनो, विचार करा. तळ्यावर आपल्याला अडवले कोणी? कुत्र्याने नव्हे. पायरी ठरवणाऱ्या माणसांनी. आपले भांडण त्या पायरीशी होते आणि आजही आहे.

त्यात आणखी एक गोष्ट आहे. झंजीरला सलामी मिळाली ती कशासाठी? कोणत्या आईच्या पोटी जन्मला म्हणून नव्हे, त्याने केलेल्या कामासाठी. माणूस जन्माने नीच होत नाही आणि जन्माने श्रेष्ठही होत नाही, कर्माने होतो, हे तथागतांनी वसलसुत्तात सांगितले. दाखला दिला तो चांडाळपुत्र मातंगाचा. जो समाज कुत्र्याच्या बाबतीत गुण पाहून मान देतो, त्याने माणसाच्या बाबतीत अजून जात का पाहावी? आपण विचारायचा प्रश्न हा आहे. सलामी काढून घ्या असे म्हणण्यात आपले काही भले नाही. हाच न्याय माणसालाही लावा, असे ठणकावून म्हणण्यात आहे.

हे गावालाही लागू आहे. आपल्या भागात कोतवालाने रात्र रात्र जागून गाव राखले. चोराचा माग काढला, सरकारी निरोप पोचवले. सोबतीला काठी आणि एखादे गावठी कुत्रे. त्याच्या मरणाला कोणी सलामी दिली नाही. आज कोंढ्यासारख्या गावात चोरी झाली की भंडाऱ्याहून श्वानपथक येते आणि बघ्यांची जत्रा जमते. कुत्रे नाल्यापर्यंत किंवा सडकेपर्यंत जाऊन घुटमळले की लोक हसतात. पट्टा धरणाऱ्याकडे कोणी पाहत नाही. एकेकाळी पोलीस खात्याची दारे अस्पृश्यांना बंद होती आणि ती उघडावीत म्हणून बाबासाहेबांना झगडावे लागले. आज त्या वर्दीत आपली मुले-मुली आहेत. म्हणून हे दुःख परक्याचे नाही.

कुक्कुर जातक

मुलांना सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. जातककथा आहे, कथा म्हणूनच घ्यावी. वाराणसीच्या राजाच्या रथाचे चामडे रात्री कुत्र्यांनी खाल्ले. राजा संतापला. त्याने हुकूम सोडला, दिसेल ते कुत्रे मारा, राजवाड्यातली तेवढी सोडा. स्मशानात राहणाऱ्या कुत्र्यांवर संकट आले. त्यांचा पुढारी बोधिसत्त्व होता. तो एकटा दरबारात गेला आणि राजाला म्हणाला, अपराध कोणाचा याची चौकशी न करता दुबळ्यांना मारणे आणि राजवाड्यातल्यांना सोडणे, हा कुठला न्याय? मग त्याने राजवाड्यातल्या कुत्र्यांना ताकात दर्भ कालवून पाजायला लावले. त्यांनी ओकून चामडे बाहेर काढले. राजाचे डोळे उघडले.

राजवाड्यात जन्मला म्हणून निर्दोष आणि स्मशानात राहतो म्हणून गुन्हेगार! पोरांनो, ही गोष्ट कुत्र्यांचीच आहे काय, ते आईबाबांना विचारा.

करुणेच्या पुढे मैत्री

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी एक महत्त्वाचा भेद समजावून दिला आहे. करुणा म्हणजे माणसांविषयीचे प्रेम. मैत्री त्याच्याही पुढे जाते, ती सर्व सजीवांविषयी असते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला दिलेल्या 22 प्रतिज्ञांतही प्राणिमात्रांविषयी दया बाळगण्याची प्रतिज्ञा आहे. आणि हे नुसते ग्रंथात नव्हते. फेब्रुवारी 1934 मधले राजगृहातले एक कौटुंबिक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात बाबासाहेब, माता रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई आणि मुकुंदराव यांच्यासोबत बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबीही आहे. मनूने ज्याला अपमानाची खूण केले, तो राजगृहात घरचा म्हणून फोटोत बसला!

मग आपण काय करावे? श्वानासाठी तेरावा, पिंड असले कर्मकांड आपल्याला नको. एखाद्या हँडलरचा सोबती गेला असेल तर त्याच्या घरी जावे, घडीभर बसावे, कुत्र्याचे नाव घेऊन त्याच्या गोष्टी ऐकाव्यात. दोन मिनिटे शांत उभे राहावे, अंगणात एक झाड लावावे. विहारातल्या मुलांना पोलीस श्वानाची माहिती द्यावी. दारातल्या कुत्र्याला दगड मारणारा हात वेळीच धरावा, उन्हाळ्यात पाण्याचे एक भांडे बाहेर ठेवावे. आणि शासनाकडे मागणी करावी की निवृत्त श्वानाला घरी नेण्याचा पहिला मान त्याच्या हँडलरला मिळावा, त्याच्या औषधपाण्याचा भार खात्याने उचलावा आणि गौरवाच्या फलकावर श्वानाच्या नावाखाली हँडलरचेही नाव कोरावे.

झंजीरला हे काही कळणार नाही. पण ज्याच्या हातात रिकामा पट्टा उरला आहे त्याला कळेल. त्याचे रडणे ही मैत्रीच आहे. तिला लपून बसावे लागू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.

जय भीम!