फेनिटोइन: मात्रा आणि रक्तपातळी

अपस्मारावर, म्हणजे ज्याला बोलीत फिट किंवा आकडी येणे म्हणतात त्या विकारावर, १९३८ पासून वापरात असलेले फेनिटोइन हे औषध पाण्यात जेमतेम विरघळते. त्यामुळे त्याचे शोषण मुख्यतः लहान आतड्यात आणि सावकाश होते, आणि गोळीतील निष्क्रिय भरणद्रव्यही त्यात ढवळाढवळ करू शकते. ऑस्ट्रेलियात १९६८ च्या सुमारास कॅप्सूलमधील कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज घातले गेले, तेव्हा औषधाची मात्रा तीच असूनही अनेक रुग्णांत विषबाधेची लक्षणे दिसू लागली.

रक्तातील औषधापैकी सुमारे ९० टक्के अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहते व उरलेले मुक्त औषधच मेंदूवर परिणाम करते. म्हणून अल्ब्युमिन घटलेल्या रुग्णाच्या तपासणीतील एकूण आकडा, जो एरवी दर मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम असावा अशी अपेक्षा असते, फसवा ठरतो. खरी मेख मात्र यकृतात आहे. फेनिटोइनचे विघटन करणारी विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, याच पातळीच्या आसपास संपृक्त होतात, त्यांना अधिक काम झेपत नाही; परिणामी रोजच्या ३०० मिलिग्रॅममध्ये १०० ची भर घातली, तर रक्तपातळी एकतृतीयांशाने न वाढता दुपटीहूनही वर जाऊ शकते, बुबुळे आपोआप हलू लागतात आणि चालताना तोल जातो. शिवाय मात्रा बदलल्यावर नवी पातळी स्थिरावण्यास आठवडा-दोन आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागत असल्याने दुसऱ्याच दिवशी केलेली तपासणी फारसे काही सांगत नाही.