संक्रांत, सावली आणि शास्त्रीय पुस्तकें

दरसाल थंडीच्या दिवसांत आमच्या घरोघरीं एक चमत्कारिक गोष्ट घडते. शाळेंतील भूगोलाच्या पुस्तकांत मुलगा असें वाचतो कीं, २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेकडील आपल्या शेवटच्या मर्यादेस पोंचतो व तेथून उत्तरेकडे परततो, आणि १४ किंवा १५ जानेवारीस आजी त्याच्या हातावर तिळगूळ ठेवून सांगते कीं, "बाळ, आजपासून उत्तरायण लागलें." मुलगा परीक्षेंत पहिलें उत्तर लिहितो, घरीं दुसरें मान्य करितो, आणि दोहोंत तेवीस-चोवीस दिवसांचें अंतर कां पडावें हें त्यास कोणी विचारीत नाहीं व तोही कोणास विचारीत नाहीं. शास्त्र दप्तरांत राहतें, रूढि देव्हाऱ्यांत राहते, दोहोंची गांठ म्हणून पडत नाहीं. ही गांठ घालून देणें हें शास्त्रीय पुस्तकाचें मुख्य काम होय, असें आमचें मत आहे. आणि हें काम करणारीं पुस्तकें मराठींत झालीं असतांही आम्ही तीं वाचीत नाहीं, हें आमचें गाऱ्हाणें आहे.

वस्तुतः या अंतराचा हिशेब त्रैराशिक येणाऱ्या मुलास सुटण्यासारखा आहे. पृथ्वीचा आंस फिरत्या भोंवऱ्याप्रमाणें अत्यंत सावकाश डोलतो. त्याचा एक फेरा पुरा होण्यास सुमारें २६,००० वर्षें लागतात. त्यामुळें ज्या बिंदूंवर ऋतु अवलंबून आहेत ते तारकांच्या मानानें दरसाल सुमारें ५० विकला, म्हणजे सुमारें ७२ वर्षांत एक अंश, मागें सरकतात. यासच अयनचलन म्हणतात. आमचीं बहुतेक पंचांगें मकर राशीचा आरंभ तारकांवरून धरितात; थंडीऊन मात्र अयनबिंदूंस बांधलेलें. हल्लीं हें अंतर सुमारें २४ अंश झालें आहे. चोविसांस बहात्तरांनीं गुणिलें म्हणजे सुमारें १,७०० वर्षें येतात. तितक्या वर्षांपूर्वीं, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या अखेरीस, मकरसंक्रमण व उत्तरायण एकाच सुमारास होत असे. सारांश, आजी खोटें सांगत नाहीं. एके काळीं जें खरें होतें तेंच ती आज सांगते. चूक तिची नव्हे. मधल्या शतकांत ज्यांनीं हिशेब तपासला नाहीं त्यांची आहे.

हा हिशेब आमच्या भाषेंत नवा नाहीं. शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३-१८९८) हे कोंकणांतील मुरूडचे. शाळाखात्यांत शिक्षकी करून पोट भरणारे गृहस्थ. त्यांनीं 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा प्रचंड ग्रंथ १८९६ सालीं मराठींत प्रसिद्ध केला. वेदांगज्योतिषापासून आपल्या काळच्या पंचांगकर्त्यांपर्यंत एकेकाचें मान घेऊन कोणाचें कोठें जुळतें व कोठें चुकतें हें त्यांनीं गणितानें दाखविलें. पूर्वजांची आंधळी स्तुति त्यांत नाहीं आणि पोरकट निंदाही नाहीं. ऋतूंशीं मेळ राखणाऱ्या सायन पंचांगाचा पक्ष त्यांनीं उघडपणें घेतला. इतकेंच करून ते थांबले नाहींत. सामान्य वाचकासाठीं त्यांनीं 'ज्योतिर्विलास' लिहिला आणि त्यास 'रात्रीची दोन घटका मौज' असें दुसरें नांव दिलें. पुढें त्यांच्या मोठ्या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर भारत सरकारनें काढलें. त्याचा पहिला भाग १९६९ सालीं निघाला. जें वाचण्यासाठीं इतरांस मराठींतून भाषांतर करून घ्यावें लागलें, तें मराठी मुलाच्या नजरेसही पडूं नये, याहून मोठी लाजिरवाणी गोष्ट कोणती?

पुढें याच प्रश्नासाठीं १९५२ सालीं मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालीं पंचांगसुधारणा समिति नेमण्यांत आली; १९५५ सालीं तिचा अहवाल निघाला आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका अमलांत आली. तींत पौष महिना २२ डिसेंबरासच सुरू होतो. पण ही दिनदर्शिका सरकारी राजपत्राच्या माथ्यावर राहिली. घरच्या भिंतीवरील खिळ्यापर्यंत ती आली नाहीं. सरकारी ठराव दिनदर्शिका देऊं शकतो. ती कां बदलली हें समजण्याची बुद्धि पुस्तकानेंच मिळावयाची.

येथें कित्येक म्हणतील कीं, मराठींत शास्त्रीय विषय लिहितां येत नाहींत, शब्दच नाहींत. बाळशास्त्री जांभेकरांनीं 'दिग्दर्शन' मासिक १८४० सालीं काढलें तेव्हां शब्द कोणत्या पेटींत भरून ठेवले होते? केतकरांच्या ज्ञानकोशाचा एक संबंध प्रस्तावनाखंड विज्ञानाच्या इतिहासास दिलेला आहे. आणि जागतिक कीर्ति मिळविलेले जयंत नारळीकर आपलें शास्त्र मराठींतून सांगत राहिले. शब्द लिहिणाऱ्याच्या गरजेनें जन्मतात व वाचणाऱ्याच्या संवयीनें जगतात. दुसरे म्हणतील, यानें धर्म बुडेल. तिळगूळ खाण्यास आमची हरकत नाहीं, गोड बोलण्यास तर मुळींच नाहीं. सणाचा दिवस व सूर्याचा दिवस वेगळा कां झाला हें मुलास सांगितल्यानें बुडणारा धर्म असेल, तर तो फार उथळ पाण्यांत उभा आहे.

खरी अडचण निराळीच आहे. आईबाप पुस्तक घेतात तें गुणांसाठीं. वाचनालयाच्या चिटणीसांस बहुधा कादंबऱ्यांचीच चिंता. आणि विज्ञान म्हणून हातीं पडतें तें एकतर परीक्षेच्या प्रश्नोत्तरांचें बाड, नाहींतर सर्व शोध आमच्या ऋषींनीं आधींच लावले होते असें सांगणारें चोपडें. पहिलें विचार करूं देत नाहीं, दुसरें विचार करण्याचें कारणच ठेवीत नाहीं. पुस्तक निवडतांना एवढेंच पहावें कीं, तें नुसता निष्कर्ष देतें कीं तो काढण्याची रीतिही देतें. आणि त्यांतील एखादी गोष्ट वाचकास आपल्या अंगणांत ताडून पाहतां येते कीं नाहीं.

अशी एक गोष्ट आम्हींच सुचवितों. पुण्याच्या आसपास राहणाऱ्यांनीं एक मीटर लांबीची काठी सपाट जमिनीवर ओळंब्यांत उभी करावी व २२ डिसेंबरास तिची त्या दिवसाची सर्वांत आंखूड सावली मोजावी. ती सुमारें ९० सेंटिमीटर भरेल. मग संक्रांतीच्या दिवशीं तसेंच मोजावें. ती सुमारें ८४ भरेल. सूर्य केव्हांच उत्तरेकडे वळून चुकला आहे हें मुलास तेथें दिसेल. मोजण्यास आजीलाही बरोबर घ्यावें, आणि सहा सेंटिमीटर कोठें गेले हें नातवानें तिला समजावून द्यावें. मग दोघांनीं खुशाल तिळगूळ खावा.