झाडं खरंच जमिनीखालून एकमेकांना मदत करतात? मातीतल्या बुरशीचे अभ्यासक काय सांगतात

जंगलातली झाडं जमिनीखालून एकमेकांशी बोलतात, म्हातारी झाडं आपल्या रोपांना अन्न पाठवतात, असं सांगणारं एखादं रील तुमच्याही फोनवर कधी ना कधी आलं असेल. ऐकायला छान वाटतं. पण यातलं प्रयोगातून दिसलेलं किती आणि नंतर लोकांनी जोडलेलं किती? हे समजून घ्यायचं तर आधी ही बुरशी काय करते आणि तिचे अभ्यासक नेमकं काय मोजतात, ते पाहावं लागेल.

ही बुरशी कोणती?

शिळ्या भाकरीवर येते ती बुरशी आपल्याला माहीत आहे. मातीतली ही बुरशी वेगळी. ती झाडाच्या जिवंत मुळांशी जोडलेली असते. तिचे तंतू केसापेक्षाही बारीक असतात, त्यामुळे जिथे मूळ शिरू शकत नाही अशा फटींतून ते पाणी, फॉस्फरस आणि नायट्रोजन ओढून आणतात. बदल्यात झाड तिला उन्हातून तयार केलेली साखर देतं. सरळ देवाणघेवाण.

या जोडीला ‘मायकोरायझा’ हे नाव जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक यांनी १८८५ साली दिलं. गंमत म्हणजे, प्रशियाच्या सरकारने त्यांना ट्रफल या महागड्या अळंबीची लागवड करता येईल का, हे पाहायला सांगितलं होतं. ते शोधताना त्यांना ही जोडी सापडली. आज जगातल्या बहुतेक वनस्पतींच्या मुळांवर अशी बुरशी आढळते. आपल्याकडे शेतकऱ्यांना हा शब्द नवा नाही, कृषी सेवा केंद्रात मायकोरायझाची पाकिटं विकत मिळतात. गोवा विद्यापीठातही या बुरशीवर बरीच वर्षं संशोधन सुरू आहे.

तिच्यावाचून काय अडतं, याचं उदाहरण पोर्तो रिको बेटावरचं आहे. तिथे बाहेरून आणलेली पाइनची रोपं पुन्हा पुन्हा लावली, पण ती खुरटून मरत. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या पाइनच्या जंगलातली माती आणून रोपांच्या मुळाशी घातली, तेव्हा कुठे ती जोमाने वाढली. मातीतून त्यांची बुरशी आली होती.

बर्च आणि फरचा प्रयोग

आता रीलवाल्या गोष्टीकडे येऊ. तिची सुरुवात कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात झाली. सुझान सिमार्ड तिथे वनखात्यात काम करत होत्या. त्यांचं घराणंच जंगलतोडीच्या व्यवसायातलं. जुनं जंगल तोडून तिथे डग्लस फरची रोपं लावायची आणि मध्ये उगवणारी बर्चची झाडं ‘तण’ समजून तणनाशकाने मारायची, अशी तिथली पद्धत होती. बर्च गेला की फरला ऊन आणि पाणी जास्त मिळेल, हा हिशोब.

सिमार्ड यांनी वेगळा प्रश्न विचारला: बर्च फरला काही देतही असेल का? त्यांनी जंगलात बर्च आणि फरची रोपं शेजारी लावली. रोपांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून एकाला कार्बन-१३ आणि दुसऱ्याला कार्बन-१४ असलेला वायू दिला. दोन्ही कार्बन वेगळे ओळखता येतात, त्यामुळे कुणाचा कार्बन कुठे गेला हे कळतं. काही दिवसांनी रोपं उपटून तपासली. कार्बन दोन्ही बाजूंनी गेला होता, पण शेवटी फरचा फायदा जास्त झाला होता. प्रकाशसंश्लेषणातून घेतलेल्या खुणेच्या कार्बनच्या सरासरी ६ टक्के इतका तो होता. फर दाट सावलीत असला की त्याला जास्त मिळे. शेजारी रेड सीडरची रोपंही लावली होती, त्यांची बुरशी वेगळ्या प्रकारची. त्यांच्यात फार थोडा कार्बन पोचला.

हा शोधनिबंध १९९७ साली ‘नेचर’मध्ये आला आणि ‘वुड वाइड वेब’ हा शब्द जगभर गेला.

मग वाद कशाचा?

२०२३ साली जस्टिन कार्स्ट, मेलानी जोन्स आणि जेसन हॉक्सेमा या तीन शास्त्रज्ञांनी तोवरचे प्रयोग पुन्हा तपासले. यातल्या मेलानी जोन्स १९९७ च्या त्या शोधनिबंधाच्या सहलेखिका होत्या, हे विशेष. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: बुरशी झाडाला मदत करते, यात वाद नाही. पण जंगलातल्या जाळ्याचे खरे नकाशे फक्त दोन जातींच्या झाडांचे झालेत. कार्बन तंतूंतूनच गेला की मातीतल्या पाण्यातून, हे वेगळं काढणं अवघड आहे. आणि मोठी झाडं आपल्याच रोपांना निवडून अन्न किंवा इशारे पाठवतात, याला प्रत्यक्ष जंगलातल्या प्रयोगाचा पुरावा नाही. इतर शास्त्रज्ञांनीही आपल्या लेखांत जुने निष्कर्ष वाढवून सांगितले, असं त्यांनी दाखवलं. सिमार्ड यांना ही टीका मान्य नाही. त्या आपल्या निष्कर्षांवर ठाम आहेत.

हे ठरवणं इतकं अवघड का?

कारण हे तंतू हात लावला की तुटतात. माती खणली की जाळं संपलं. म्हणून अभ्यासक मातीचे नमुने काढून मुळं धुतात, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक टोक पाहतात, डीएनए तपासून बुरशीची जात ओळखतात. रोपांभोवती बारीक जाळीही पुरतात. त्यातून तंतू जातात, मुळं जात नाहीत. महिनोन्‌महिने चालणारं हे चिखलातलं काम आहे.

आपल्याला याचं काय?

जंगल म्हणजे फक्त झाडं नव्हेत, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. खड्डे खणून रोपं लावली म्हणजे जंगल झालं, असं होत नाही. मातीत त्या झाडाची बुरशी आहे का, हेही पाहावं लागतं. पण ‘झाडं आई असतात’ या गोष्टीवर विसंबून जंगलाचे निर्णय घेतले आणि ती खोटी ठरली, तर नुकसान जंगलाचंच. पुढच्या वेळी ते रील आलं तर ‘बुरशी झाडाला जगवते’ हे निर्धास्त पुढे पाठवा. ‘झाडं बोलतात’ यावर मात्र अजून काम सुरू आहे.